अमेरिकेत हँडगन घेताना, नेताना, विकताना : आधी काय, नंतर काय

अमेरिकेतल्या मराठी घरांत हँडगनचा, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा, विषय निघाला की काही वाक्यं हमखास कानावर येतात. "टेक्सासमध्ये रीतसर बिल देऊन घेतलंय, मग जर्सीत का नाही चालणार?" "माझ्याकडे कार्ड आहे ना." "डिकीत कुलूप लावून ठेवलं की देशभर कुठेही नेता येतं." यातलं प्रत्येक वाक्य अर्धवट खरं आहे, आणि माणसं अडकतात ती या अर्धवट खरेपणामुळेच. हेतू वाईट असतो म्हणून नाही, तर क्रम चुकतो म्हणून. दुकानात जाऊन पिस्तूल निवडणं ही खरं तर पाचव्या-सहाव्या टप्प्यावरची गोष्ट आहे, आणि बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात.

केंद्राचा कायदा सगळीकडे एकच आहे. तो फक्त किमान मर्यादा घालतो. त्याच्यावर प्रत्येक राज्य स्वतःचे नियम चढवतं आणि काही ठिकाणी शहरही चढवतं. तुम्ही सरहद्द ओलांडलीत की वस्तू तीच राहते, पण तिच्यावरचे नियम बदलतात. आयटीतल्या लोकांचं प्रोजेक्ट बदललं की राज्य बदलतं, म्हणून आपल्याकडे हा घोळ जास्त होतो. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. आधीच्या टप्प्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

टप्पा १ : तुमचा इमिग्रेशनचा दर्जा

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत. या व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे. विकत घेणं तर दूरच राहिलं. टेक्सासमध्ये परमिट लागत नाही, हे इथे उपयोगाचं नाही, कारण ही मनाई वॉशिंग्टनची, म्हणजे केंद्राची, आहे, टेक्सासच्या राजधानीची, ऑस्टिनची नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते.

सर्वात जास्त लोक चुकतात ते शूटिंग रेंजवर. ऑफिसच्या मित्रांबरोबर शनिवारी रेंजवर गेलं, तासाभरासाठी भाड्याने पिस्तूल घेतलं, फोटो काढले. भाड्याने घेणं हाही ताबाच. मित्राने स्वतःचं पिस्तूल "घे, दोन राउंड मार" म्हणून हातात दिलं, तर तुमच्याबरोबर तोही गोत्यात येऊ शकतो, कारण मनाई असलेल्या माणसाच्या हाती जाणूनबुजून बंदूक देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

या मनाईला काही अपवाद आहेत. त्यातला सामान्य माणसाला लागू पडणारा अपवाद एकच : अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेलं, त्या दिवशी मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स. मुदत काल संपली असेल तर आज अपवाद नाही. आणि हा अपवाद फक्त केंद्राच्या मनाईपुरता आहे. राज्याचं परमिट लागत असेल तर ते वेगळं मिळवावंच लागतं.

ग्रीन कार्ड असलेल्यांना केंद्राचा कायदा हँडगन घेऊ देतो. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू आहे, हातात फक्त ईएडी (नोकरीचं परवानापत्र) आहे, अशा मधल्या अवस्थेतल्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे की प्रत्यक्ष कार्ड हातात येईपर्यंत थांबा. घाई असलीच तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. बंदुकीच्या दुकानदाराला विचारू नका, तो तुमच्या इमिग्रेशनचा सल्लागार नाही.

> थांबा : ग्रीन कार्डधारकावर शस्त्रासंबंधी गुन्हा सिद्ध झाला तर तो देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतो. नागरिकाला ज्या चुकीसाठी दंड आणि प्रोबेशन होईल, तिच्यापायी तुमचं इथलं घर, नोकरी, मुलांची शाळा सगळंच पणाला लागू शकतं. पुढचे सर्व टप्पे ही गोष्ट लक्षात ठेवून वाचा.

टप्पा २ : तुमचं राज्य कोणतं

केंद्राच्या १९६८ च्या कायद्यापासून नियम असा आहे : हँडगन आपल्या राहत्या राज्यातल्या लायसन्सधारक डीलरकडूनच ताब्यात घ्यायची. दुसऱ्या राज्यात पसंत पडली तर तिथला डीलर ती तुमच्या राज्यातल्या डीलरकडे पाठवतो आणि कागदपत्रं इथे होतात. रायफल आणि शॉटगनला यात थोडी सवलत आहे, हँडगनला नाही. "पेनसिल्व्हेनियात स्वस्त आहे, जाऊन घेऊन येतो" हा बेत इथेच संपतो.

राहतं राज्य म्हणजे तुम्ही आज राहण्याच्या इराद्याने जिथे आहात ते. प्रोजेक्टसाठी टेक्सासच्या डॅलसहून न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन घर भाड्याने घेतलंत, मुलांना शाळेत घातलंत, पण ड्रायव्हिंग लायसन्स अजून टेक्सासचंच आहे, तर ते लायसन्स दाखवून टेक्सासमध्ये हँडगन घेणं म्हणजे खरेदीच्या फॉर्मवर खोटा पत्ता देणं.

राज्यांचे ढोबळ प्रकार समजून घ्या.

टेक्सासमध्ये खरेदीसाठी राज्याचं परमिट नाही, नोंदणी नाही. २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परमिटशिवाय बाळगून फिरताही येतं.

न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी आधी वेगळं खरेदी परमिट लागतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये लायसन्स टू कॅरी, म्हणजे एलटीसी, लागतं. खरेदीला तेच, घरी ठेवायला तेच आणि बरोबर न्यायलाही तेच एक लायसन्स, आणि ते स्थानिक पोलीस देतात.

कॅलिफोर्नियात फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची परीक्षा असते : ३० प्रश्न, त्यातले २३ बरोबर यायला हवेत. नंतर १० दिवस थांबायचं.

न्यूयॉर्कमध्ये हँडगन घरात ठेवायलाही लायसन्स लागतं आणि प्रत्येक हँडगनची त्या लायसन्सवर नोंद असावी लागते. न्यूयॉर्क शहराचं लायसन्स आणखी वेगळं.

इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र, लागतं, मेरीलँडमध्ये हँडगन क्वालिफिकेशन लायसन्स.

> तपासा : नियम वाचायचा तो तुमच्या राज्याच्या स्टेट पोलिसांच्या किंवा अॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर, आणि अर्ज करायच्या दिवशी. जुनी माहिती किती फसवते त्याचं उदाहरण : कॅलिफोर्नियाचा "३० दिवसांत एकच बंदूक" हा नियम जून २०२५ मध्ये केंद्राच्या नवव्या सर्किटच्या (विभागाच्या) अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तरी तो लागू असल्याचं सांगणारे लेख आणि व्हिडिओ अजून फिरत आहेत. उलटही होतं. नॉर्थ कॅरोलिनाने २०२३ मध्ये खरेदी परमिट रद्द केलं, म्हणून "आता कुठेच लागत नाही" असं कोणी सांगतं.

टप्पा ३ : नाव आणि पत्ता जुळवून घ्या

याला लोक दोन मिनिटं देतात आणि मग महिनाभर अडकतात. आपल्या नावाची रचना इथल्या यंत्रणेला नीट कळत नाही. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, ग्रीन कार्डवर मधलं नाव पहिल्या नावाला जोडलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं एक अक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही वेगळी, आणि काही कागदांवर माहेरचंच नाव. विक्रीआधी होणारी पूर्वेतिहासाची तपासणी, म्हणजे बॅकग्राउंड चेक, नावावर आणि जन्मतारखेवर चालते. नाव तीन प्रकारे लिहिलेलं असेल तर "डिलेड" असं उत्तर यायला तेवढं पुरतं.

अर्जाच्या आधी हे करा : ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या कागदावर जसं नाव आहे, तसंच ड्रायव्हिंग लायसन्सवर करून घ्या. पत्ता बदलला असेल तर लायसन्सवर नवा पत्ता छापून येऊ द्या. डीलरला तुमचा सध्याचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नवा पत्ता दाखवणारा दुसरा सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन, जोडावा लागतो. विजेचं बिल किंवा घरभाड्याचा करार सरकारी कागद ठरत नाही.

ग्रीन कार्डावरचा ए-नंबर लिहून ठेवा, फॉर्मवर लागतो. याआधी कुठल्या नावाने ओळखले जात होता असं विचारलं असेल तर माहेरचं नाव आणि वेगळं स्पेलिंग दोन्ही लिहा. ते लपवण्यासारखं काही नाही, आणि गाळलंत तर मात्र प्रश्न उभे राहतात.

टप्पा ४ : परमिट, दुकानाच्या आधी

इथे न्यू जर्सीचं उदाहरण तपशिलात घेते, कारण आपली वस्ती तिथे मोठी आहे आणि गोंधळही तिथेच सर्वात मोठा.

जर्सीत तीन वेगळे कागद आहेत आणि लोक ते एकच समजतात.

१. फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड. हे रायफल, शॉटगन आणि हँडगनच्या गोळ्या घेण्यासाठी. या कार्डावर हँडगन मिळत नाही. "माझ्याकडे कार्ड आहे" म्हणणाऱ्यांची चूक नेमकी ही आहे.

२. पर्मिट टू पर्चेस अ हँडगन. एका परमिटवर एकच हँडगन. दोन घ्यायच्या तर दोन परमिट. मुदत ९० दिवस, योग्य कारण दिलं तर आणखी ९० दिवस वाढते.

३. पर्मिट टू कॅरी. घराबाहेर अंगावर बाळगण्यासाठी. पहिले दोन्ही असले तरी याच्याशिवाय हँडगन घेऊन फिरता येत नाही. परमिटशिवाय बाळगणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, ५ ते १० वर्षांचा, आणि किमान तुरुंगवासाचा कायदाही त्याला लागू पडतो.

पहिल्या दोघांचा अर्ज एकदमच करता येतो, स्टेट पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवर. क्रम असा ठेवा.

अ) तुमच्या गावाच्या पोलीस खात्याचा ओआरआय नंबर, म्हणजे त्या खात्याचा ओळख क्रमांक, मिळवा. गावाला स्वतःचं पोलीस खातं नसेल तर स्टेट पोलिसांचं स्थानिक ठाणं. नंबर चुकीचा पडला तर अर्ज भलत्याच गावात जातो.

आ) दोन संदर्भ ठरवा. नातेवाईक चालत नाहीत. अर्ज भरण्याच्या आधी त्यांना सांगा आणि ई-मेल कधी येईल याची कल्पना द्या. हा ई-मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतो आणि अर्ज तिथेच ताटकळतो. आपल्याकडे लाजेकाजेस्तव "हो" म्हणणारे पुष्कळ. ज्यांना बंदुकीच्या विषयात नाव यायला नको आहे, त्यांना गळ घालू नका.

इ) अटक, न्यायालयीन प्रकरणं, मानसिक उपचार यांविषयीचे प्रश्न शब्द न् शब्द वाचा. "कधी अटक झाली होती का" आणि "कधी शिक्षा झाली होती का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रकरण मिटलं म्हणून "नाही" लिहिणं, हे मूळ प्रकरणापेक्षा जास्त महागात पडतं.

ई) बोटांचे ठसे ठरलेल्या केंद्रावर अपॉइंटमेंट घेऊन द्या. पूर्वी जर्सीत बंदुकीच्या अर्जासाठी ठसे दिले असतील तर तुमचा एसबीआय नंबर (राज्याच्या पोलिसांकडचा ठशांच्या नोंदीचा क्रमांक) असतो, पुन्हा ठसे लागत नाहीत.

उ) शुल्क : डिसेंबर २०२२ च्या बदलानंतर कार्डाला ५० डॉलर, प्रत्येक हँडगन परमिटला २५ डॉलर. ठशांचे पैसे वेगळे.

कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे, पण काही गावांत यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. ठाण्यावर फोन करून अर्ज कुठे अडला आहे ते विचारायला हरकत नाही. बहुतेक वेळा संदर्भाचा ई-मेल हेच उत्तर मिळतं.

> तपासा : परमिटवरचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता टप्पा ३ मधल्या लायसन्सशी जुळतात का? ९० दिवसांची मुदत परमिट निघाल्यापासून धावते. तुम्ही दुकानात गेलात तेव्हापासून नाही.

टप्पा ५ : मॉडेल आणि मॅगझिन

आता कुठे पिस्तूल निवडायचं. पण आधी यादी बघायची.

कॅलिफोर्नियात राज्याने मंजूर केलेल्या हँडगनची यादी आहे. तिला रोस्टर म्हणतात. यादीत नसलेलं नवं मॉडेल डीलर सामान्य ग्राहकाला विकू शकत नाही. एकाच पिस्तुलाची जुनी आवृत्ती यादीत असते, नवी नसते, म्हणून नुसतं नाव बघून भागत नाही. मॉडेल नंबर आणि पिढी दोन्ही जुळवा. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने, सहज मशीनगनमध्ये बदलता येतील अशा रचनेच्या पिस्तुलांची डीलरकडून होणारी विक्री १ जुलै २०२६ पासून थांबवायची तरतूद केली. ग्लॉक पद्धतीची पिस्तुलं त्यात येतात. जुलै २०२४ पासून बंदुकीवर ११ टक्के जादा कर आहे, तोही हिशेबात धरा.

मॅसॅच्युसेट्समध्ये गोम आणखी वेगळी. तिथे मंजूर यादी आहेच, शिवाय अॅटर्नी जनरलचे ग्राहक-संरक्षणाचे स्वतंत्र नियम आहेत. पिस्तूल यादीत असूनही या दुसऱ्या नियमांत बसत नसेल तर डीलर विकू शकत नाही. यादी छापून घेऊन दुकानात गेलेला माणूस "यादीत आहे की!" म्हणून वाद घालतो. डीलर बरोबर असतो.

मॅगझिनचा, म्हणजे पिस्तुलात गोळ्या भरायच्या पेटीचा, नियम पिस्तुलापासून वेगळा धरा. जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क या राज्यांत मर्यादा १० गोळ्यांची आहे. ग्लॉक १९ कारखान्यातून १५ गोळ्यांच्या मॅगझिनसह येतं, ग्लॉक १७ मध्ये १७. याच पिस्तुलांबरोबर १० गोळ्यांची मॅगझिन मिळतात, तीच मागा. मॅगझिन रिकामं असलं, खोक्यात असलं, तरी मर्यादा त्याच्या क्षमतेवर ठरते.

टप्पा ६ : दुकानातला दिवस

डीलर केंद्राचा फॉर्म ४४७३ भरायला देतो. सावकाश भरा. तीन जागा धोक्याच्या आहेत.

पहिली, खरा खरेदीदार कोण. मित्र एच-१बीवर आहे, पैसे त्याचे, नाव तुमचं, ही स्ट्रॉ पर्चेस, म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर केलेली खरेदी, झाली. २०२२ पासून तिला केंद्राच्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा केलं आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. खरेदीदार पात्र असला तरी सुटका नाही : काकासाठी सवलतीत पिस्तूल घेऊन देणाऱ्या एका माजी पोलिसाची शिक्षा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली, आणि त्या प्रकरणात काका स्वतः बंदूक घ्यायला पात्र होते. स्वतःच्या पैशांनी पात्र माणसाला खरीखुरी भेट देणं चालतं, पण राज्याचे हस्तांतराचे नियम मग वेगळे पाळायचे.

दुसरी, नागरिकत्वाचा देश. ग्रीन कार्डधारकाने भारत लिहायचं. घाईत "युनायटेड स्टेट्स" वर खूण केली तर तो अमेरिकी नागरिक असल्याचा खोटा दावा ठरू शकतो, आणि इमिग्रेशनच्या कायद्यात त्याइतकी महागडी चूक क्वचितच असेल. सही करण्याआधी ही ओळ परत वाचा.

तिसरी, गांजा. जर्सीत, कॅलिफोर्नियात तो दुकानात मिळतो. फॉर्मवरच्या प्रश्नाखाली मात्र छापलेलं आहे की राज्याने परवानगी दिली तरी केंद्राच्या कायद्यात तो बेकायदाच आहे. वैद्यकीय कार्ड असलेल्यांनीही हे वाचावं.

नंतर बॅकग्राउंड चेक होतो आणि "प्रोसीड", "डिलेड" किंवा "डिनाइड" यांपैकी एक उत्तर येतं. डिलेड म्हणजे नकार नव्हे, घाबरू नका. दर वेळी डिलेड येत असेल तर एफबीआयकडे व्हॉलंटरी अपील फाइलसाठी अर्ज करून यूपीआयएन नंबर घ्या. पुढच्या फॉर्मवर तो लिहिला की तुमच्यासारख्या नावाच्या दुसऱ्या माणसाशी होणारी गल्लत टळते.

> थांबा : डिनाइड आलं तर दुसऱ्या दुकानात नशीब आजमावू नका. नकाराची खबर स्थानिक पोलिसांना दिली जाते. आधी कारण लेखी मागवा, मग अपील.

टप्पा ७ : घरात

कुलूपबंद पेटी, पिस्तूल रिकामं, गोळ्या वेगळ्या. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात, तुमच्या हातात किंवा ताब्यात नसलेली बंदूक कुलपात ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. लहान मुलं असलेल्या घरात कायदा काय म्हणतो हे विचारण्याचीही गरज पडू नये.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे आई-वडील. ते बी-२ वर सहा महिने राहायला येतात, तुम्ही दिवसभर ऑफिसला, घर त्यांच्या ताब्यात. टप्पा १ मधली मनाई त्यांनाही लागू आहे. पेटीची किल्ली किंवा आकडा त्यांच्याकडे असला तर हँडगन त्यांच्या ताब्यात आहे असा अर्थ निघू शकतो. "काही झालं तर कपाटात आहे" असं प्रेमाने सांगून ठेवणारे मुलगे मी पाहिले आहेत. असं करू नका. ते येण्याआधी आकडा बदला आणि फक्त स्वतःजवळ ठेवा. घरात एच-४ वर कोणी असेल तर तोच नियम.

टप्पा ८ : राज्य बदलताना

नव्या नोकरीचं पत्र आलं की पॅकर्सना फोन करण्याआधी हा टप्पा करा.

१. नव्या राज्यात तुमचं मॉडेल आणि मॅगझिन चालतं का ते बघा. कॅलिफोर्नियात राहायला येणाऱ्याला स्वतःची, रोस्टरवर नसलेली हँडगनही आणता येते, पण तिथे असॉल्ट वेपन (बंदी असलेलं शस्त्र) ठरणाऱ्या पिस्तुलाला ही सवलत नाही. नळीला आटे (थ्रेड) असलेली पिस्तुलं इथे अडकतात.

२. १० गोळ्यांवरची मॅगझिन जुन्या राज्यातच विकून टाका. सरहद्दीनंतर "विकायचीच होती" हे उत्तर चालत नाही.

३. नव्या राज्याची मुदत कॅलेंडरवर लिहा. कॅलिफोर्नियात आल्यापासून ६० दिवसांत नव्या रहिवाशाचा अहवाल राज्याच्या न्याय विभागाकडे द्यावा लागतो. जर्सीत २०२२ च्या कायद्याने नव्या रहिवाशाने ६० दिवसांत पर्चेसर आयडी कार्डासाठी अर्ज करून बाहेरून आणलेल्या हँडगनची नोंदणी करायची आहे. मॅसॅच्युसेट्सही नव्या रहिवाशाला ६० दिवस देतं. न्यूयॉर्कला हँडगन न्यायची असेल तर आधी लायसन्स, मग हँडगन. लायसन्स येईपर्यंत ती जुन्या राज्यात डीलरकडे ठेवा.

४. सामानाच्या ट्रकमध्ये न सांगता घालू नका. शक्यतो स्वतःच्या गाडीतून, पुढच्या टप्प्यात सांगितलेल्या पद्धतीने न्या.

टप्पा ९ : वाटेत

१९८६ च्या केंद्रीय कायद्यात प्रवाशांना संरक्षण आहे, पण त्याच्या अटी सगळ्या एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. निघण्याच्या ठिकाणी आणि पोहोचण्याच्या ठिकाणी, दोन्हीकडे, ती बंदूक बाळगणं आणि बरोबर नेणं तुम्हाला कायदेशीर असलं पाहिजे. बंदूक रिकामी हवी. बंदूक आणि गोळ्या प्रवासी बसतात त्या जागेतून हाताला लागू नयेत. एसयूव्हीसारख्या वेगळी डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी हवी, आणि ग्लव्ह कंपार्टमेंट किंवा कन्सोल पेटी म्हणून धरत नाहीत.

म्हणजे डिकीतलं कुलूप पुरेसं नाही. मुक्कामाच्या राज्यात तुमचा हक्क नसेल तर संरक्षणही नाही. शेजारच्या राज्याचं कॅरी परमिट हा तर सापळाच आहे. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेने जर्सीत गाडी थांबवल्यावर पोलिसाला स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हे पेनसिल्व्हेनियाचं परमिट. जर्सी ते परमिट मानत नाही. तिला अटक झाली, अनेक वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार राहिली, आणि शेवटी २०१५ मध्ये तेव्हाचे जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. प्रामाणिकपणा होता, परमिटही होतं, फक्त ते डेलावेअर नदीच्या पलीकडचं होतं.

विमानाने नेताना : रिकामी, कडक आवरणाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन बॅगेत, काउंटरवर सांगून. धोका मधल्या विमानतळावर असतो. २००५ मध्ये यूटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं नेवार्कला पुढचं विमान चुकलं. बॅग त्याच्या हाती आली, तो रात्रभर हॉटेलात राहिला, सकाळी काउंटरवर नियमाप्रमाणे सांगितलं आणि अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण २०१० मध्ये केंद्राच्या तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्याची भरपाईची मागणी फेटाळली : रात्रभर बंदूक त्याच्या हाताशी होती, म्हणून केंद्राचं संरक्षण लागू नाही.

> थांबा : नेवार्क, जेएफके, लागार्डिया इथे विमान चुकलं तर हँडगन असलेली बॅग ताब्यात घेऊ नका. ती स्वतःकडेच ठेवायला एअरलाइनला सांगा. तिकीट काढतानाच हे विमानतळ टाळता आले तर उत्तम.

टप्पा १० : विकताना, आणि कायमचं भारतात परतताना

दुसऱ्या राज्यातल्या माणसाला हँडगन थेट देता येत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. त्याच्या राज्यातल्या डीलरमार्फतच. त्याच राज्यातल्या माणसाला विकतानाही जर्सी आणि कॅलिफोर्नियात साधारणपणे डीलर मध्ये लागतोच. मॅसॅच्युसेट्समध्ये घेणाऱ्याचं लायसन्स तपासून ऑनलाइन नोंद करावी लागते. टेक्सासमध्ये दोन रहिवाशांत खासगी विक्रीला चेक बंधनकारक नाही, तरी मी डीलरकडेच जायला सांगेन. थोडे डॉलर जातात, पण पुढे ते पिस्तूल कुठे सापडलं तर ते तुमच्या हातून कधी गेलं याचा कागद राहतो. मॉडेल, सीरियल नंबर, तारीख आणि घेणाऱ्याचा तपशील असलेली पावती कायम जपून ठेवा.

भारतात परतायचं ठरलं की हँडगन शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. "तुझ्या बेसमेंटमध्ये ठेव" म्हणून मित्राला देणं हे बऱ्याच राज्यांत हस्तांतर ठरतं, परमिटशिवायचं. ग्रीन कार्ड परत केलंत आणि पुढे बी-२ वर भेटीला आलात, तर तीच वस्तू तुम्हाला हातात धरायलाही मनाई असेल. महिना-दोन महिने आधी डीलरला विका, किंवा त्याच्याकडे विकायला ठेवा आणि तुमच्या नावावरून गेल्याचा कागद घ्या. पोलिसांकडे जमा करायची असेल तर आधी फोन करून कशी आणायची ते विचारा. पिशवीत घालून ठाण्यात शिरू नका.

सामान भरताना रेंजवर नेलेली प्रत्येक बॅग आणि जॅकेट बाजूला काढा. अस्तर, बाजूचे कप्पे, तळाची पट्टी हाताने चाचपा. मुंबई किंवा दिल्लीच्या तपासणीत बॅगेत एक जिवंत काडतूस निघालं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता हे न्यायालयात पटवता येतं, पण विमान तोवर निघून गेलेलं असतं. रेंजची बॅग भारतात नेऊच नका, दुसरी घ्या.